रुपयावरचा बादशहा पाहून साल ठरवू नका

संपादक महोदय,

जुन्या चांदीच्या रुपयांवर ‘शाह आलम’ वाचलं की ‘मोगलकालीन’ म्हणून किंमत वाढवणारे विक्रेते आमच्या बडोद्यात कमी नाहीत. शाह आलम दुसरा 1806 मध्येच वारला. त्याच्या नावाचे रुपये मात्र कितीतरी संस्थानं पुढे पाडतच राहिली. कच्छच्या कोरीची, म्हणजे तिथल्या चांदीच्या नाण्याची, तर कमालच! तिच्यावर गुजरातच्या मुजफ्फरशहाचं नाव आणि हिजरी 978, म्हणजे इसवी 1570 च्या सुमाराचं साल, पिढ्यान्‌पिढ्या उमटत राहिलं. खरा धागा खालच्या नागरी ओळीत असतो. तिथे त्या त्या रावाचं, म्हणजे कच्छच्या राजाचं, नाव येतं.

आमच्या खंडेराव गायकवाड महाराजांच्या (1856–1870) रुपयावर ‘खा’ आणि ‘गा’ ही अक्षरं व तलवार शोधावी. हिजरी साल सापडलंच तर नुसते 622 मिळवू नयेत, कारण चांद्रवर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असतं. 1277 ला 0.97 ने गुणून 622 मिळवले की 1860–61 येतं.

अक्षरं अर्धवट दिसतात म्हणून नाणं खोटं ठरत नाही. ठसा मोठा, चांदीची चकती लहान. हातोड्याखाली जेवढं सापडलं तेवढंच उमटलं. उलट काठ यंत्रासारखा गोल असेल तर मी आधी तराजू काढते. पूर्ण रुपया साधारण अकरा ग्रॅमचा असतो.

आणि कृपा करून चिंचेनं घासू नका हो!

– एक वाचक, बडोदे