सर, बाकी ३५ उरली होती

आदरणीय सर,
सादर प्रणाम.

आमच्या वडगावात लाईट गेली की गल्लीतले सगळे माग एकदम थांबतात. त्या दुपारी ते थांबले आणि मी वही घेऊन तुमच्या कट्ट्यावर आले. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली मी, कॉलेजात ‘प्राईम’ ऐकून बावरायचे. बाकावरची मैत्रीण कन्नडात ‘अविभाज्य’ म्हणायची. ती आपली मूळ संख्याच, हे तुम्ही पहिल्या दिवशीच सांगितलंत. पण आज आभार मानायचेत ते २,१४,७४,८३,६४७ साठी.

२ चा ३१ वा घात वजा १. वर्गात ‘ही मूळ संख्या आहे, लिहून घ्या’ एवढंच सांगितलं होतं. कशावरून, विचारलं तर कॉम्प्युटरने तपासलंय म्हणाले. तुम्ही म्हणालात, “गणितज्ञ ऑयलरनं १७७२ साली हातानं दाखवलंय. तू भाग घालून बघितलीस काय?”

भाग घालून बघायचा तो वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनी, आणि वर्गमूळ ४६,३४० च्या जरा पुढे. तिथपर्यंतच्या मूळ संख्याच साडेचार हजारांवर! मी पेन खाली ठेवलं. मग तुम्ही कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलंत. समजा एखाद्या मूळ संख्येने भाग गेला. मग तिने २ च्या घातांना भागत गेलं, की बाकी १ पहिल्यांदा येते ती ३१ व्या घाताला, कारण ३१ स्वतः मूळ आहे. फर्माच्या प्रमेयाने भाजकातून १ वजा केलेल्या घातालाही बाकी १ च येते. म्हणजे त्या वजाबाकीला ३१ ने भाग जायलाच हवा, आणि भाजक विषम, म्हणून ६२ ने. मला पटेना, तेव्हा तुम्ही ११ व्या घाताचं २०४७ काढलंत: २३ गुणिले ८९. दोन्हींतून १ वजा करा, २२ ने भाग जातो. अंगावर काटा आला, सर.

भाजकाला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च येते, हेही तुम्ही जोडून दिलंत. ६२ आणि ८ चा लसावि २४८, मग २४८ ने भागून १ किंवा ६३ उरणाऱ्या संख्याच राहिल्या. त्यातल्या ३, ५, ७ वगैरेंनी जाणाऱ्या खोडल्या तर शंभरही उरत नाहीत. पहिली ३११. भाग घातला, भागाकार ६९,०५,०९२, बाकी ३५. एवढ्यात लाईट आली, माग सुरू झाले, आणि तुम्ही ओरडून म्हणालात, “पुढची घे!”

मान्य करा असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. आधी कारण दिलंत आणि मग हातात काम दिलंत. त्यासाठी कितीही आभार मानले तरी कमीच.

उरलेले भागाकार पूर्ण झालेत. एकातही बाकी शून्य नाही. रविवारी वही घेऊन येते, आईने कुंदाही करून ठेवलाय.

आपली विद्यार्थिनी,
वडगाव, बेळगाव