नव्या खेळण्यांच्या आराखड्यात देखभालीचा रकाना कुठे आहे?

महोदय,

शहरातील उद्यानांत नवी खेळणी, ओपन जिम आणि खेळाची कोर्ट उभारण्याच्या आराखड्याची बातमी वाचली, सोबतची चित्रेही पाहिली. नागरिकांकडून हरकती-सूचना मागवल्या आहेत, म्हणून हे पत्र. मी उद्यानांतील खेळण्यांच्या दुरुस्तीवर फिटर होतो, आता निवृत्त आहे. रंगसंगतीतले मला फारसे कळत नाही. माझी हरकत एवढीच की, कोणते खेळणे कुठे बसणार हे आराखड्यात आहे. बसल्यानंतर ते कोण तपासणार आणि कोणत्या पैशातून, याला एक रकानाही नाही.

झोपाळा घ्या. लोकांना वाटते, साखळी तुटते. साखळी सहसा तुटत नाही; आधी जाते ती वरची कडी. लोखंडावर लोखंड घासत राहते आणि जिथे साखळीचा भार टेकतो, नेमकी तिथेच कडी आतून खाल्ली जाते. खालून बघणाऱ्याला ती धडधाकट दिसते, कारण बाहेरच्या बाजूचा रंग शाबूत असतो. शिडी लावून, भार एका हाताने उचलून धरून कडी फिरवली, की मग कळते निम्मी जाडी गेलेली आहे. ताजा रंग मारलेला झोपाळा तर मला जास्तच संशयास्पद वाटतो. बेअरिंगमध्ये रंग शिरला की ते अडकते आणि सगळी घासाघीस कडीवर येते.

वर कडी, तशी खाली जमीन. चित्रांत खेळण्यांखाली हिरवळ दाखवली आहे. हिरवळ दिसायला छान, पण तिच्यावर रोज पाय घासले की महिन्याभरात खाली कडक माती उरते, आणि अशा मातीवर पडणे जवळजवळ फरशीवर पडण्यासारखेच. अमेरिकेच्या ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगाची खेळाच्या मैदानांसाठी मार्गदर्शिका आहे. तिच्यात गवत आणि माती यांना संरक्षक थर मानलेलेच नाही. ९ इंच वाळूचा थर साधारण ४ फुटांवरून पडण्याला पुरतो, तर तेवढ्याच जाडीचा लाकडी तुकड्यांचा थर १० फुटांपर्यंत, असे तिथे कोष्टकच दिले आहे. म्हणजे खेळण्याची उंची आणि खालचा थर एकत्र ठरवायला हवा. शिवाय वाळू काय किंवा लाकूड काय, झोपाळ्याखालून पायांनी बाजूला सरकतेच. दाताळे घेऊन ती परत ओढणारा माणूस नसेल तर ९ इंच फक्त कागदावर राहतात. आणि रेलिंगच्या दोन दांड्यांमधले अंतर साडेतीन ते नऊ इंचांच्या दरम्यान नको, हेही त्याच मार्गदर्शिकेत आहे. तेवढ्या फटीतून लहान मुलाचे अंग जाते आणि डोके अडकते. हे तपासायला अभियंता लागत नाही, एक टेप पुरते.

हे कोणाला माहीत नाही असे नाही. अडचण अंदाजपत्रकात आहे. नवे खेळणे भांडवली खर्चातून, म्हणजे नव्या कामांच्या पैशातून येते, त्याचे उद्घाटन होते, फोटो निघतो. ग्रीस, कडी, वॉशर, वाळू आणि फिटरचा पगार महसुली, म्हणजे रोजच्या चालू खर्चातून निघतो आणि काटछाट करायची वेळ आली की पहिली कात्री तिथेच लागते. ओपन जिमची साधने यात सर्वात आधी सापडतात, कारण त्यांचे फिरते सांधे सर्वाधिक. एक सांधा अडकला की ज्येष्ठ मंडळी ते यंत्र सोडून देतात, मग त्यावर मुले लटकतात, मग ते वाकते. युरोपातील खेळण्यांच्या मानकात (ईएन ११७६) तपासणीच्या तीन पायऱ्या आहेत : नेहमीची नजरेने, एक ते तीन महिन्यांतून एकदा झीज आणि सांधे बघणारी, आणि वर्षातून एकदा खेळण्याच्या जमिनीतल्या पायापर्यंतची. आपल्या निविदेत या तीन ओळी घालायला कोणाची हरकत असावी?

फिरते भाग कमी असलेली उद्यानेही उत्तम होऊ शकतात. आल्दो व्हान आयक या वास्तुविशारदाने १९४७ पासून ॲमस्टरडॅममध्ये शहराच्या रिकाम्या कोपऱ्यांत खेळाच्या जागा करायला सुरुवात केली आणि पुढच्या तीसेक वर्षांत ७०० हून अधिक केल्या. त्यांत होते काय? रुंद काठाचा वाळूचा हौद, कोलांट्या मारायच्या लोखंडी दांड्या, चढायच्या कमानी, उड्या मारायला सिमेंटचे ठोकळे. काठ रुंद, म्हणून आया तिथेच बसत. त्याचे कौतुक वास्तुविशारद वेगळ्या कारणांसाठी करतात. मी फिटर म्हणून करतो, कारण त्यात ग्रीस लावण्यासारखे जवळजवळ काहीच नाही.

आणखी एक, जरा वेगळे. आराखड्यात मोठा हिस्सा जाळीबंद कोर्टांचा आहे आणि प्रत्येकाला एकच दार. एका दाराच्या जाळीत आधी पोचलेली मोठी मुले दारातच उभी राहतात आणि मुली बाहेरूनच परत फिरतात, हे मी काम करताना कायम पाहिले. व्हिएन्ना शहराने १९९० च्या दशकात पाहणी केली तेव्हा साधारण नऊ वर्षांनंतर मुली उद्यानांत येईनाशा होतात, असे आढळले. मग त्यांनी काही उद्याने बदलली : एका मोठ्या मैदानाऐवजी लहान-लहान जागा, बसायला सोय, कोर्टांना जास्त दारे. जाळी कापून दुसरे दार बसवणे हे वेल्डिंगचे किरकोळ काम आहे. आत्ता चित्रातच काढले तर तेही वाचेल.

झाडांबद्दल थोडेच. जागा ‘मोकळी’ करताना सावलीचे झाड जाते आणि मग घसरगुंडी दुपारी हात लावू देत नाही, प्लास्टिकची असली तरी. झाड ठेवून त्याच्या बुंध्याशी खेळण्याच्या पायासाठी खड्डे खणले तर मुळे तुटतात, कारण पाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या दोनेक फुटांतच असतात. खेळणे झाडापासून लांब, सावली मात्र दुपारची त्याच्यावर, अशी जागा शोधायला आराखडाकर्त्याने एकदा भर दुपारी उद्यानात जावे. व्हीलचेअरचा रस्ता खेळण्यापर्यंत घट्ट पृष्ठभागाचाच हवा. वाळूत चाके रुततात.

माझी मागणी दोन गोष्टींची. प्रत्येक उद्यानासाठी तपासणीची वही आणि सुट्या भागांची तरतूद निविदेतच लिहावी. आणि जुनी खेळणी भंगारात काढण्याआधी त्यांची यादी प्रसिद्ध करावी. बऱ्याच जुन्या झोपाळ्यांचे पाइप आजच्या पाइपांपेक्षा जाड आहेत. त्यांना हवी फक्त नवी बेअरिंग आणि कड्या. हरकतींची मुदत संपण्याआधी ती यादी आली, तर कोणते खेळणे वाचण्यासारखे आहे हे आमच्यासारखे जुने कारागीर फुकट सांगतील.

आपला,
एक निवृत्त फिटर