सौना आणि वाफेची गल्लत

महोदय,

पुण्यातील काही व्यायामशाळांत सौना (कोरड्या उष्णतेची खोली) आणि स्टीम (वाफेची खोली) यांचे गुण एकाच पाटीवर सरसकट लिहिलेले असतात, हे योग्य नाही. सौनात कोरडी हवा ८० ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते व घाम चटकन वाळतो. स्टीमच्या खोलीत तापमान ४५ अंशांच्या आसपासच असते, परंतु आर्द्रता जवळजवळ १०० टक्के असल्याने घाम वाळतच नाही, नुसता ओघळत राहतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील अभ्यासात वारंवार सौना घेणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांत हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळले. तो निष्कर्ष वाफेला चिकटवता येत नाही. चोंदलेल्या नाकाला वाफेने बरे वाटते, इतके खरे (त्याला घरचे पातेलेही पुरते). रक्तदाबाचे रुग्ण व गर्भवती यांच्यासाठीची सूचना दारावर ठळक मराठीत लावावी.

— एक वाचक, कोथरूड, पुणे