सेंद्रियाचा हिशेब सालीपासून मांडावा

महोदय,

सेंद्रिय फळे-भाज्यांविषयीची चर्चा बहुधा ‘खायचे तर सगळे सेंद्रियच’ आणि ‘सेंद्रिय म्हणजे निव्वळ थोतांड’ या दोन टोकांत अडकून पडते. घरखर्चाचा मेळ घालणाऱ्याला यातले एकही टोक कामाचे नाही. जास्तीचे पैसे नेमके कोणत्या जिनसेवर मोजावेत, एवढेच त्याला हवे असते. माझ्या मते आधी पाहावे ते हे, की कीडनाशकाचा फवारा जिथे पडतो तोच भाग आपण खातो का.

स्ट्रॉबेरी हातात घेऊन पाहावी. सोलायला साल नाही, अंगभर बियांचे खळगे, आणि फळ इतके नाजूक की चोळून धुण्याचीही सोय नाही. पालकाचेही जवळपास तसेच. याउलट मक्याचे कणीस पानांच्या आवरणात वाढते आणि अननसाची जाड साल आपण टाकूनच देतो. अमेरिकेतील ‘एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुप’ ही संस्था सरकारी तपासण्यांच्या आधारे दरवर्षी फळे-भाज्यांवरील कीडनाशकांच्या अवशेषांच्या याद्या काढते. त्यांतही स्ट्रॉबेरी आणि पालक जास्त अवशेषांच्या, तर अननस आणि मका कमी अवशेषांच्या बाजूला, ही विभागणी अनेक वर्षे दिसते. या याद्यांवर शास्त्रज्ञांचा आक्षेप आहे आणि तो मला रास्त वाटतो: अवशेष सापडणे वेगळे आणि ते अपायकारक प्रमाणात असणे वेगळे. त्याच सरकारी तपासण्यांत 99 टक्क्यांच्या आसपास नमुने ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत असतात. म्हणून या याद्यांचा उपयोग प्राधान्य ठरवण्यापुरता करावा, धास्तीने फळे कमी खाण्यासाठी नव्हे.

धुण्याने सगळे निघून जाते, हे मात्र खरे नाही. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील संशोधकांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सफरचंदावर लावलेली दोन कीडनाशके खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात 12 ते 15 मिनिटे ठेवल्यावर पृष्ठभागावरून निघाली, पण त्यांपैकी थायाबेंडाझोल हे बुरशीनाशक सुमारे 20 टक्के आत मुरलेले होते. सफरचंद सालीसकट खाणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, असेही नाही. तांबेयुक्त बुरशीनाशके आणि निंबोळी अर्क सेंद्रिय शेतीतही चालतात. जीवनसत्त्वांसाठी म्हणून जास्त दाम देणेही मला पटत नाही, कारण अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2012 साली घेतलेल्या व्यापक आढाव्यात त्याला ठोस आधार सापडला नव्हता. आणि विश्वासार्ह प्रमाणपत्र नसेल, तर ‘सेंद्रिय’ हा शब्द कोणीही पाटीवर लिहू शकतो.

एक बाजू मात्र सालीच्या हिशेबात बसत नाही. केळे सोलून खाणाऱ्याला ते सेंद्रिय असल्याचा लाभ थोडाच. पण बागेत पाठीवर पंप घेऊन फवारणी करणाऱ्याला साल आड येत नाही. त्याच्यासाठी म्हणून कोणी सेंद्रिय केळी घेत असेल, तर तो खर्च मी वायफळ म्हणणार नाही.

आपला,
एक वाचक