रूळ नको, मापं आण

प्रिय भास्कर,

तुझं पत्र पोळ्याआधी आलं आणि आता दिवाळी तोंडावर आली. उत्तर लांबलं ते तुझ्या एका ओळीमुळे. "यंदा आलो की शकुंतलेच्या रुळाचा, वर्ष कोरलेला एक तुकडा मिळवू आणि अंगणात तुळशीजवळ उभा करू." तू हे प्रेमाने लिहिलंस, हे मला कळतं. बाबांच्या हातची हातोडी अजून तुझ्या कोनाड्यात आहे, हेही ठाऊक आहे. पण ती ओळ काही डोक्यातून जाईना. तब्येत बरी आहे, गुडघा कुरकुरतो, साखर ताब्यात आहे. तो विषय इथेच संपला.

भास्कर, तो तुकडा आणू नकोस. शकुंतला, आपली मूर्तिजापूरची छोटी गाडी, थांबली असली तरी तिचे रूळ बेवारस झालेले नाहीत. १९६६ च्या रेल्वे मालमत्तेच्या कायद्यात अशी वस्तू बेकायदा जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे, हे तर आहेच. पण माझं खरं दुखणं वेगळं आहे. तो तुकडा जागेवर आहे तोवर काहीतरी सांगतो: तो कुठल्या मैलात आहे, वळणात की सरळ लाइनीत, त्याच्या शेजारचा रूळ त्याच कारखान्याचा की दुसऱ्या, म्हणजे तिथे कधी बदली झाली होती. तुळशीजवळ उभा केला की ते फक्त लोखंड. आणि प्रत्येकाने एकेक आठवण घरी नेली, तर लाइनीवर मागे राहील काय?

गेल्या महिन्यात एका स्टेशनाअलीकडे लोखंडी स्लीपरच्या, म्हणजे रुळाखालच्या आडव्या आधारांच्या, चाव्या ओळीने निघालेल्या दिसल्या. तुला चावी म्हणजे काय ते सांगायला नको, दुसऱ्या कुणाला सांगावं लागलं असतं. रूळ पकडणारी ती पाचर गेली की रूळ नुसता ठेवलेला राहतो. उन्हात फुगतो, थंडीत आकसतो, ढोरं ओलांडतात, ट्रॅक्टर जातो, आणि बोटाबोटाने सरकत गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, पसरतं. बाबा लाइन तपासायला जाताना एका रुळाकडे बघत जायचे आणि परतताना दुसऱ्याकडे. सैल चावी हातोडीच्या आवाजावरून ओळखायचे. ती फेरी बंद झाली तेव्हाच लाइन उसवायला लागली. लाकडी स्लीपर तर चुलीत गेले.

म्हणून माझं म्हणणं असं, की आपण मापं आणू. ब्रॉडगेज होईल तेव्हा जुनं सगळं काही दिवसांत उचललं जाईल, आणि मग विचारायला कुणी उरणार नाही. मूर्तिजापूर–यवतमाळ सुमारे ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर–अचलपूर सुमारे ७६, दोन्ही मिळून एका उन्हाळ्यात होण्यासारखं काम नाही. पण टप्प्याटप्प्याने होईल. आधी लेखी परवानगी, मग काम. विनापरवाना लाइनीवर पाय ठेवायचा नाही, यावर माझ्याशी वाद घालू नकोस.

रुळाची गंमत तुला अजून पूर्ण माहीत नाही, म्हणून लांबण लावतो. रुळाच्या कमरेवर, म्हणजे वरचं डोकं आणि खालचा पाय यांच्यामधल्या पातळ पट्टीवर, कारखान्याचं नाव, वजनाचा आकडा आणि वर्ष उठावात असतं. ती अक्षरं रूळ लाटतानाच उमटतात. गंजाखाली ती दिसत नाहीत. तारेचा ब्रश किंवा कानस लावायची नाही, अक्षराची धार जाते. मऊ ब्रशने माती झाडायची, खडूची कांडी आडवी धरून हलकेच फिरवायची, म्हणजे उठाव पांढरा होतो आणि खोलगा काळा राहतो. फोटो सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर, ऊन तिरपं असताना. दुपारच्या उन्हात अक्षर सपाट होतं. वर ढग असतील तर बॅटरी रुळाला जवळजवळ टेकवून बाजूने उजेड टाकायचा. वजनाचा आकडा यार्डाला पौंडात असेल तर त्याच्या निम्मे म्हणजे साधारण मीटरला किलो. जुन्या रुळाचं डोकं झिजलेलं असतं, त्यामुळे नुसत्या उंचीवरून वजन ठरवलं तर फसशील.

गेज रुळाच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजायचं, ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. डोक्याच्या वरच्या पृष्ठावर टेप ठेवू नकोस. कड झिजून गोल झालेली असते, म्हणून १३-१४ मिलिमीटर खाली धर. जोडावर एक माप आणि रुळाच्या मध्यावर एक. जोडावरची फिशप्लेट, म्हणजे दोन रूळ जोडणारी पट्टी, नीट बघ: भोकं किती, बोल्ट किती शिल्लक, नट आतल्या बाजूला की बाहेरच्या, रुळांमध्ये फट किती. आणि जोड खचलेला आहे का ते बघ. काळ्या मातीत जोड आधी खचतो. माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, खडी हळूहळू तिच्यात बुडते, खाली खळगा होऊन पाणी साचतं आणि पुढच्या पावसाळ्यात तोच जोड आणखी खाली. पूर्णेच्या खोऱ्यात गाडी हळू का चालायची, त्याचं मोठं उत्तर त्या मातीत आहे.

वळणं हवीतच. आपण दोघं पुलावरून भांडत होतो तेव्हा तू म्हणाला होतास की ब्रॉडगेज जुन्याच मातीवर बसेल. तसं सगळीकडे होणार नाही. ब्रॉडगेजला १७५ मीटर त्रिज्येपेक्षा तीव्र वळण चालत नाही, आपल्या गेजला त्याहून कितीतरी तीव्र चालायचं. भरावाची रुंदीही जवळपास दुप्पट लागते. म्हणजे नवी लाइन वळणावर जुनीला सोडून कापून जाईल आणि ती सुटलेली कमान शेतात तशीच राहील. उद्या जुनी शकुंतला सापडेल ती या सुटलेल्या कमानींमध्ये. म्हणून आजच त्यांची नोंद हवी. वीस मीटरची दोरी वळणाच्या बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला ताणून धरायची, मध्यावर दोरीपासून रुळापर्यंतचं अंतर मोजायचं. ५० ला त्या अंतराने, मीटरमध्ये, भाग दिला की त्रिज्या. पाव मीटर आलं तर २०० मीटरचं वळण. रूळ नसतील तिथे भरावाच्या कडेवर हेच करायचं, थोडं कच्चं येईल पण चालेल. दोरी सैल पडली की माप चुकतं, म्हणून दोन्ही टोकांना माणूस हवा.

खांबावर भिन्न अंकासारखा आकडा असतो, वरचा मैल किंवा किलोमीटर, खालचा त्यातला कितवा खांब. आता हा आकडा मैलाचा की किलोमीटरचा हे अंदाजाने लिहायचं नाही. सलग दोन मोठ्या आकड्यांमधलं अंतर चालून मोज, हजार मीटर की सोळाशे, लगेच कळेल. एक चूक केली तर सगळी टिपणं पुढे घसरतात.

कागद शोधताना नावाला फसू नकोस. आपण दर्यापूर म्हणतो, स्टेशनाचं नाव बनोसा. अचलपूर जुन्या कागदांत एलिचपूर. यवतमाळकडे दारव्हा मोतीबाग असं लांब नाव. गावच्या नकाशावर रेल्वेची पट्टी गटांना तिरकी कापत जाते, ती भूमी अभिलेखच्या कार्यालयात मिळते. आणि उपग्रहाच्या चित्रात पाहायचं असेल तर एप्रिल-मेचं चित्र घे, शेतं उघडी असतात आणि वेड्या बाभळीची हिरवी रेघ तेवढी उरते. ती रेघ म्हणजेच बहुतेक ठिकाणी आपली लाइन.

मूर्तिजापूरला मोठ्या आणि छोट्या लाइनीच्या मधला माल चढवण्या-उतरवण्याचा फलाट कुठे होता तेही शोधायचं. कापसाची गाठ पूर्वी ३९२ पौंडांची, म्हणजे १७८ किलोची. वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदराकडे न्यायलाच ही लाइन घातली, आणि इथे तो एका गेजच्या डब्यातून दुसऱ्यात टाकावा लागायचा. दोन्ही डब्यांच्या तळाची उंची सारखी केली नाही तर ती गाठ हमालाच्या कंबरेवर येते. म्हणून अशा ठिकाणी एका बाजूचे रूळ उंचावलेले किंवा फलाटाला पायरी असते. ती पायरी सापडली तर मला लगेच फोन कर.

इंजिनाचं तुला माहीतच आहे. १९२१ ला मँचेस्टरला बनलेलं ते इंजिन १९२३ पासून राबलं आणि १५ एप्रिल १९९४ ला निवृत्त झालं, मग डिझेल आलं. पण त्याने पाणी कुठे प्यायलं ते कुणी लिहून ठेवत नाही! आपला पूर्णेकाठचा पट्टा खारपाणाचा. खारं पाणी बॉयलरला वैरी, आत थर धरतो, फेस येऊन पाणी वाफेबरोबर सिलिंडरकडे उडतं. म्हणजे गोड विहीर कुठे, टाकी कुठे, पाइप कुठल्या बाजूने, या तीन गोष्टी म्हणजे वाफेच्या काळाचा नकाशा. विहिरीची चव गावातली म्हातारी माणसं अजून सांगतील, म्हणून आधी त्यांना गाठ.

त्याच खारपणाने स्टेशनांच्या भिंती खाल्ल्या. पायाकडून क्षार चढतात, गुडघाभर उंचीवर लोणा येतो, विटेचं पीठ होतं. कुणी चांगल्या मनाने वरून सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत कोंडते, लोणा आणखी वर चढतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो, विटेची कातडी घेऊन. तिथे चुन्याचाच गिलावा हवा, तोही आधी भिंत सुकवून आणि क्षार कोरड्या ब्रशने झाडून. पाण्याने धुतलं की क्षार पुन्हा आत जातात. रंगवायचा हट्ट धरशील, म्हणून आधीच सांगतो, स्टेशनच्या नावाच्या बोर्डाला हात लावायचा नाही. मागच्या वेळी आपण याच गोष्टीवरून दोन महिने बोललो नव्हतो. जुन्या रंगाखाली आणखी जुनं नाव असतं. त्याचं मापासकट छायाचित्र घे, खरडू नकोस.

आणि तिकिटं. तुझ्याकडची ती चार पुठ्ठ्याची तिकिटं लॅमिनेट करू नकोस, वहिनींना हे वाक्य वाचून दाखव. प्लॅस्टिक पुठ्ठ्याला चिकटलं की परत सुटत नाही. साधारण ५७ बाय ३० मिलिमीटरचं तिकीट, त्यावर तारखेचा ठसा दाबून उमटवलेला असतो, शाई बहुधा नाहीच. तिरप्या उजेडात धरलं की आकडे दिसतात. दोन्ही बाजू ६०० डीपीआयवर स्कॅन करून साध्या कागदी पाकिटात ठेव. डब्यात कसर लागते, दर पावसाळ्यानंतर उघडून बघ.

राष्ट्रीयीकरणाच्या वेळी ही लाइन खाजगी मालकीची राहून गेली, किलिक निक्सनच्या कंपनीकडे, आणि गाड्या रेल्वेने चालवल्या. म्हणून कागद दोन ठिकाणी आहेत, एकीकडे मालकाचे, दुसरीकडे चालवणाऱ्याचे. तू मुंबईत असतोस, मालकाकडचे कागद तुझ्या वाट्याला. माझ्या वाट्याला इकडची माणसं. गँगमन, पॉइंट्समन, आणि गाडी थांबवून उतरून फाटक लावणारे. त्यांना "आठवणी सांगा" म्हणू नकोस. "फाटक लावायला किती वेळ लागायचा, साखळी की दांडा, कुलूप कुणाकडे" असं विचार, मग ते दोन तास बोलतात.

मुलीचं पुण्यातलं काम मार्गी लागलं, हे वाचून बरं वाटलं. वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? ताईंना नमस्कार. बाकी तुझं काय चाललंय ते पुढच्या पत्रात सविस्तर लिही.

दिवाळीत येशील तेव्हा शेतात कापूस उभा असेल, लाइन दिसणार नाही आणि वेचणीच्या माणसांना त्रास होईल. त्यापेक्षा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ये, चार दिवस काढून. परवानगीचा अर्ज मी जानेवारीत टाकतो. तीस मीटरची लोखंडी टेप, खडू, मऊ ब्रश, बॅटरी तू आण. दोरी माझ्याकडे आहे, दोन्ही टोकांना आणि मध्यावर गाठ मारून ठेवली आहे.

तुझा,
श्रीधर