महापौर आमदार होतात, महापौरपद आहे तिथेच राहते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कसब्याच्या दिवंगत आमदार मुक्ता टिळक यांचे नाव निघाले की हमखास आठवते ती जून २०२२ मधली रुग्णवाहिका. कर्करोगाशी झुंजत असताना, १० जूनला राज्यसभेच्या आणि २० जूनला विधान परिषदेच्या मतदानासाठी त्या पुण्याहून मुंबईला गेल्या. त्या जिद्दीपुढे कोणत्याही पक्षाचा माणूस मान तुकवेल. पण त्यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग महापालिकेत गेला आणि तो त्या एका दृश्याखाली झाकला गेला, याची माझ्यासारख्या पेठेतल्या रहिवाशाला मनापासून खंत वाटते.

टिळक २००२ मध्ये प्रथम नगरसेविका झाल्या आणि चार वेळा निवडून आल्या. २०१७ मध्ये १६२ पैकी ९८ जागा जिंकून भाजपने पुण्यात प्रथमच बहुमत मिळवले, तेव्हा त्या पक्षाच्या पहिल्या महापौर म्हणून त्यांची निवड झाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्या सुमारे २८ हजारांच्या मताधिक्याने आमदार झाल्या. नवे महापौर नोव्हेंबरात निवडले गेले, त्यामुळे काही आठवडे दोन्ही पदे त्यांच्याकडेच होती. कसब्याला हा रस्ता नवा नाही. त्यांच्या आधी १९९५ पासून सलग पाच वेळा आमदार राहिलेले गिरीश बापट नगरसेवक होते; त्यांच्यानंतर २०२३ च्या पोटनिवडणुकीत जिंकलेले रवींद्र धंगेकर आणि २०२४ मध्ये निवडून आलेले हेमंत रासने हेही महापालिकेतूनच वर आले. गल्लीतला नळ आणि गटार ठाऊक असलेली माणसे आम्ही विधानसभेत पाठवतो, हे मला या मतदारसंघाचे भूषण वाटते.

प्रश्न असा आहे की ही माणसे विधानसभेत गेल्यावर ज्या पदावरून ती आली त्या पदाचे काय होते? महाराष्ट्रात महापौर हा शहराचा प्रथम नागरिक म्हणवला जातो, मुख्य सभेचा अध्यक्ष असतो आणि अडीच वर्षांनी पायउतार होतो. कारभाराचे अधिकार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे, तर खर्चाच्या मंजुरीची चावी सोळा जणांच्या स्थायी समितीकडे असते. २७ सप्टेंबर २०१८ रोजी दांडेकर पुलाजवळ मुठा उजवा कालवा फुटला आणि भर सकाळी शेकडो घरांत पाणी शिरले, तेव्हा टिळक महापौर होत्या. कालवा पाटबंधारे खात्याचा, यंत्रणा आयुक्तांच्या हाताखालची, पण भिजलेल्या गाद्या रस्त्यावर टाकून बसलेल्या माणसाने दाद मागायची ती शहराच्या महापौरांकडेच, कारण त्याला ठाऊक असलेला चेहरा तोच असतो. ज्याला जाब विचारला जातो त्याच्या हाती अधिकार नाहीत आणि ज्याच्या हाती अधिकार आहेत तो मत मागायला कधी येत नाही, ही रचना एका महापौराच्या कर्तबगारीने सुधारणारी नाही.

हा चेहराही नसेल तर काय होते, ते आम्ही पाहिले आहे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले. त्याच पावसाळ्यात आमच्या वाड्याच्या जिन्याजवळचे चेंबर तुंबले. सांडपाणी पहिल्या पायरीला लागले आणि टेकू दिलेल्या तुळईखालून, फरशीच्या तुकड्यांवर पाय ठेवत, आमच्या वाड्यातल्या ऐंशी वर्षांच्या आजी ये-जा करत होत्या. पूर्वी नगरसेवकाच्या दारात जाऊन बसले की संध्याकाळपर्यंत गाडी यायची. या वेळी मी तीन खेपा घातल्या, तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला गेला आणि गाडी अकराव्या दिवशी आली. माजी नगरसेवक भेटत होते, कळवळून बोलतही होते, पण त्यांच्या शब्दाला आता कागदावर किंमत उरली नव्हती. २२ डिसेंबर २०२२ रोजी टिळक गेल्या तेव्हा त्यांच्या शहराला महापौरच नव्हता, आणि प्रशासकांचा कारभार त्यानंतरही तीन वर्षे संपला नाही.

यावर उपाय सुचलेलाच नाही असे नाही. १९९८ मध्ये मुंबई आणि नागपूर महापालिकांत महापौर परिषदेची पद्धत आणली गेली होती. महापौर आणि त्याचे सहकारी यांनी मंत्रिमंडळासारखा कारभार पाहायचा, अशी ती कल्पना होती. वर्षभरातच ती गुंडाळली गेली. इतक्या थोड्या काळात कोणत्याही व्यवस्थेची परीक्षा होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या वेळी नागपूरच्या महापौरपदी देवेंद्र फडणवीस होते, म्हणजे राज्याच्या सर्वोच्च पदापर्यंत पोहोचलेल्या नेत्याने ही पद्धत आतून अनुभवली आहे. मुंबईचे महापौरपद भूषवलेले छगन भुजबळही अनेक वर्षे मंत्री राहिले आहेत. महापौरपदाच्या मर्यादा यांच्याइतक्या कोणाला ठाऊक असणार?

म्हणून माजी महापौर आणि माजी नगरसेवक असलेल्या सर्वपक्षीय आमदारांना माझी नम्र विनंती आहे. महापौरांना पूर्ण पाच वर्षांची मुदत व कारभाराचे निश्चित अधिकार देणारी, आणि मुदत संपल्यावर सहा महिन्यांपलीकडे प्रशासक राहू न देणारी दुरुस्ती त्यांनी महापालिका अधिनियमात करून घ्यावी. सरकार ती मांडत नसेल, तर अशासकीय विधेयक आणण्याचा अधिकार प्रत्येक सदस्याला आहे. कसब्याच्या आमदारांनी येत्या अधिवेशनातच त्याची सूचना द्यावी.

आपला,
कसबा पेठेतील एक रहिवासी, पुणे