कुत्रा रस्त्यावर असेपर्यंत सरकारचा, घरात आला की गरिबाचा

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: शेल्टरमधून दत्तक गेलेल्या कुत्र्या-मांजरांना परवडणारे उपचार मिळण्याबाबत

महोदया,

स.न.वि.वि.

मी मिरजेत राहते. नोकरी सांभाळून एका लहानशा प्राण्यांच्या शेल्टरमध्ये काम करते. पिल्लं दत्तक देणं, घेणाऱ्याचं घर आधी बघून येणं आणि नंतर फोन करकरून त्यांना वैताग आणणं हे खातं माझ्याकडे आहे. आपल्याकडे रोज येणाऱ्या निवेदनांत दूध, चारा, लंपी हेच विषय जास्त असणार आणि ते योग्यच आहे. आमचं मागणं त्या मानाने अगदी थोडं आहे, आणि त्यातलं बरंचसं सरकारच्याच नियमांत आधीपासून लिहिलेलं आहे.

दत्तक मोहिमांचे फोटो बघून लोकांचा असा समज होतो की प्राणी दत्तक घेणारे म्हणजे बंगलेवाले. आमच्याकडे तरी उलटं चित्र आहे. बंगलेवाल्यांना लॅब्राडोर नाहीतर शिह त्झू हवा असतो आणि तो ते विकत आणतात. आमची गावठी पिल्लं जातात ती भाजी विकणाऱ्या मावशींकडे, वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या मुलांकडे, कुपवाडच्या चाळींत, मळ्यातल्या वस्तीवर. ही माणसं जीव लावण्यात कुठेही कमी पडत नाहीत. चतकोर भाकरी आधी कुत्र्याला टाकून मग स्वतः जेवायला बसणारी घरं मी बघितली आहेत. तरीही काही पिल्लं आमच्याकडे परत येतात, आणि येतात ती बहुतेक पहिल्या आजारपणानंतर.

याचं कारण नियमांतच आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी आणि रेबीजचं लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. पाळीव प्राण्याचं जंताचं औषध, लसी, नसबंदी हे सगळं मालकाने बघायचं. कागदावर यात चूक काही नाही. पण आमच्या पिंजऱ्यातलं पिल्लू जेव्हा भाजीवाल्या मावशींच्या टोपलीत बसून घरी जातं, त्या क्षणी काय होतं ते बघा. काल रस्त्यावर असताना त्याची नसबंदी महापालिकेच्या खर्चाने झाली असती, आज मावशींनी त्याला घरात घेतलं तर तोच खर्च मावशींच्या डोक्यावर. रस्त्यावरचं एक कुत्रं कमी केलं म्हणून मावशींना सरकारकडून काय मिळालं, तर बिल.

आणि हे बिल काही लहान नसतं. पहिल्या वर्षी पार्व्हो, डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या आजारांवरच्या एकत्रित लशीचे दोन-तीन डोस, शिवाय रेबीज, शिवाय जंताचं औषध. मादी असेल तर खाजगीत नसबंदीचे पाच हजार आणि पुढे. म्हणून तर मादी पिल्लं मागे राहतात. दत्तक शिबिरात लोक पिल्लू उचलतात, उलटं करून बघतात आणि मादी आहे कळलं की हळूच खाली ठेवतात. त्यात दुष्टपणा नसतो. दर वर्षाला दोनदा पाच-सहा पिल्लं होणार आणि ती कुठे टाकायची, हा हिशोब असतो. स्वस्तातली नसबंदी हाताशी असती तर हा हिशोब मोडला असता.

गोचीड तापाचं उदाहरण देते, कारण तो आमच्याकडे बारमाही असतो. कुत्रं दोन दिवस खात नाही, अंग तापलेलं, पाचव्या-सहाव्या दिवशी हिरड्या पांढऱ्या पडायला लागतात. वेळेत ओळखला तर डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्यांवर बहुतेक कुत्री उठून बसतात. ही गोळी माणसांच्या मेडिकलमध्येही मिळते आणि महिनाभराचा कोर्स फार महाग पडत नाही. महाग पडते ती तपासणी: रक्ताचा काउंट, स्मिअर (काचेवर रक्ताचा थेंब घेऊन बघणं), डॉक्टरांची फी, आणि वस्तीवरून शहरात कुत्रं घेऊन यायचं तर रिक्षा, कारण एसटीत घेतील याची खात्री नाही. मग घरचे म्हणतात, बघू दोन दिवस. ते दोन दिवस गेले की गोळ्यांचं काम रक्त चढवण्यावर जातं आणि तिथे खेळ संपतो. शंभर-दीडशे रुपयांत तपासणी झाली असती तर जगलं असतं असं कुत्रं डोळ्यांदेखत जातं. त्या घराला दुसरं पिल्लू घ्या म्हणायला मग माझीच जीभ रेटत नाही.

आपल्या खात्याचे दवाखाने गावोगाव आहेत. तालुक्याला लघु सर्वचिकित्सालय, म्हणजे जनावरांचं छोटं रुग्णालय, आणि जिल्ह्याला सर्वचिकित्सालय. १९६२ वर फोन केला की फिरतं पथक गोठ्यापर्यंत येतं, ही फार चांगली सोय आहे. आमच्या ओळखीचे कितीतरी पशुधन विकास अधिकारी, म्हणजे सरकारी जनावरांचे डॉक्टर, वेळात वेळ काढून कुत्री-मांजरंही तपासतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यांच्या कपाटात औषधं असतात ती गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांच्या हिशोबाने. कुत्र्याच्या शिरेत बसेल अशी बारीक आयव्ही नळी, मांजराला चालणारी भूल, पार्व्होची लस ही खरेदीच्या यादीत बसत नाहीत, कारण उद्दिष्ट पशुधनाचं आहे. मांजराचं तर नावच काढायला नको. अहो, मांजर टेबलावर ठेवलं की निम्मे लोक आधी दार लावायला धावतात.

आता त्या नियमाबद्दल, ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहिते आहे.

१९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखाली २००१ मध्ये नियम झाले. प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी स्थापन करायची, राज्य सरकारने तिला रुग्णालय आणि निवारा बांधायला पुरेशी जमीन आणि सोयी द्यायच्या, आणि अशा प्रत्येक ठिकाणी पूर्ण वेळ पशुवैद्यक नेमायचा. पूर्ण वेळ, हे शब्द नियमातलेच आहेत. आपल्या राज्यात या सोसायटीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि सचिवपद आपल्याच खात्याच्या जिल्हा अधिकाऱ्याकडे असतं. जिल्हा नियोजन समितीचे सदस्य सचिवही जिल्हाधिकारीच. म्हणजे जमीन, पैसा आणि डॉक्टर या तिन्हींच्या फायली एकाच इमारतीत आहेत. नियम होऊन जवळपास पंचवीस वर्षं होतील. माझ्यासारख्या कार्यकर्त्यांना या सोसायट्या भेटतात त्या बहुतेक बैठकीच्या इतिवृत्तात.

दवाखाना आणि निवारा एका आवारात असणं का गरजेचं, हे शेल्टरमध्ये एक पावसाळा काढला की समजतं. पार्व्होचं पिल्लू आलं की त्याला बाकीच्यांपासून तोडावं लागतं. आमच्याकडे त्यासाठी मागची पत्र्याची खोली आहे. सलाइनची बाटली कपडे वाळत घालायच्या तारेला अडकवलेली, पिल्लाच्या पुढच्या पायाला चिकटपट्टी, आणि दर दोन तासांनी कुणीतरी खाली वाकून थेंब मोजतंय. फिनेलने पार्व्होचा विषाणू मरत नाही, ब्लीचिंगचं पाणीच लागतं. हे नवीन स्वयंसेवकाला पहिल्या दिवशी शिकवतो. डॉक्टर मात्र त्यांच्या दवाखान्याची वेळ संपल्यावर येतात, रात्री साडेनऊला. बिचारे येतात हेच उपकार. पण पार्व्होच्या पिल्लाला सकाळपासून रात्रीपर्यंतचा वेळ नसतो.

यात नवं काही शोधायचं नाही. मुंबईत परळला १८८६ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं ते बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयाच्या सोबतीने. दात्याचा पैसा, प्राणी क्लेश प्रतिबंधक संस्थेचं रुग्णालय आणि शिकणारे विद्यार्थी अशी ती बांधणी होती. आज नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालयं शिरवळ (जि. सातारा), परभणी, उदगीर अशी राज्यभर पसरली आहेत. पदवीच्या साडेपाच वर्षांतलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. त्यातले काही आठवडे या विद्यार्थ्यांना जिल्ह्याच्या शेल्टर-दवाखान्यात, वरिष्ठ डॉक्टरांच्या हाताखाली काढू द्या. पुढे शहरात खाजगी दवाखाना टाकणाऱ्या मुलांना कुत्र्या-मांजरांवर हात बसवायला याहून चांगली जागा मिळणार नाही. आमची मोडक्या हाडांची कुत्री तरी आम्ही कितीदा गाडीत घालून शिरवळच्या रस्त्याला लागतो. ज्या मिरजेत माणसं कर्नाटकातून ऑपरेशनला येतात, त्या मिरजेतून!

पैशाचं म्हणाल तर कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चासाठी, प्राणी कल्याण हा विषय स्पष्ट लिहिलेला आहे. साखर कारखाने, दूध संघ, कुपवाड एमआयडीसीतले कारखानदार यांना आम्ही विचारलं तर ते चहा पाजतात. जिल्हाधिकाऱ्यांनी विचारलं तर चेक काढतील.

घाई अशासाठी की प्रश्न आता आमच्यासारख्या हौशी माणसांपुरता राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात प्राणीप्रेमींना महापालिकेकडे अर्ज करून भटकी कुत्री दत्तक घेण्याची मुभा दिली आणि ती पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली. ७ नोव्हेंबरच्या आदेशात शाळा, रुग्णालयं, बस स्थानकं, रेल्वे स्थानकांच्या आवारातली कुत्री पकडून, नसबंदी-लसीकरण करून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं, त्याच जागी परत सोडायची नाहीत. या आदेशांवर माझी मतं आहेत, ती इथे नकोत. साधा व्यवहार बघा. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात भटकी कुत्री पावणेतेरा लाखांच्या आसपास मोजली गेली. त्यातली थोडी जरी निवाऱ्यात आणायची म्हटली तरी आत येण्याचं दार मोठं आणि बाहेर जाण्याचं दार एकच: दत्तक. ते दार बिलाने अडलेलं असेल तर निवारे कोंडवाडे होतील.

"माणसांना औषधं मिळत नाहीत आणि तुम्ही कुत्र्यांचं काय घेऊन बसलात", हे मला घरीही ऐकवलं जातं. रेबीजपुरतं तरी उत्तर सोपं आहे. लक्षणं दिसली की माणूस वाचत नाही, आणि चावल्यावर माणसाला द्यायच्या लसींच्या कोर्सपेक्षा कुत्र्याची वर्षाची एक लस कितीतरी स्वस्त. शेजारच्या गोव्याने हे करून दाखवलं. घरोघरी आणि रस्तोरस्ती कुत्र्यांना लस टोचत २०२१ मध्ये तिथल्या मुख्यमंत्र्यांनी तीन वर्षांत रेबीजने एकही मृत्यू नसल्याचं जाहीर केलं. केंद्राने २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवायचं ठरवलं आहे. मळ्यातल्या कुत्र्याला लस मिळाल्याशिवाय ते कसं व्हायचं?

काहीजण सुचवतात की प्राणी सोडून देणाऱ्यांना दंड करा. करा की. १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे, म्हणजे सांगलीच्या भडंगाच्या एका पुड्याएवढा. तो वाढवणं केंद्राच्या हातात. शिवाय आमच्याकडे प्राणी परत आणून देणारी माणसं तो सोडून न देता निदान परत आणतात, एवढं तरी त्यांच्या पदरात टाका.

आपल्या खात्याने एवढंच करावं. मान्यताप्राप्त शेल्टरमधून किंवा महापालिकेमार्फत दत्तक गेलेल्या प्राण्याला एक कार्ड द्यावं. त्या कार्डावर नसबंदी, पहिल्या वर्षाच्या लसी आणि साध्या तपासण्या सरकारी सर्वचिकित्सालयात नाममात्र सेवाशुल्कात मिळाव्यात, म्हणजे रस्त्यावर असताना त्याचा जो हक्क होता तो घरात आल्यावर निदान वर्षभर टिकेल. त्यासाठी लागणारी औषधं खरेदीच्या यादीत यावीत, आणि आठवड्यातली एक दुपार कुत्र्या-मांजरांसाठी राखून ठेवावी. मोठ्या जनावरांची कामं बहुधा सकाळी असतात, त्यामुळे शेतकऱ्याची अडचण होणार नाही. जिल्हा सोसायट्यांना जमीन आणि पूर्ण वेळ डॉक्टर कधीपर्यंत देणार, याची तारीख प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याकडून लेखी मागवावी. सगळ्या जिल्ह्यांत एकदम जमणार नसेल तर महाविद्यालय जवळ आहे तिथून सुरुवात करा. सातारा करा, परभणी करा, आमचा नंबर नंतर आला तरी चालेल.

कार्डाचा मसुदा, लागणाऱ्या औषधांची यादी आणि आमच्याकडून परत आलेल्या प्राण्यांच्या नोंदी मी वेगळ्या अर्जाने आपल्या पुण्यातल्या औंधच्या आयुक्तालयात देते आहे. त्यावर बैठक लावलीत तर आमचे डॉक्टरही येतील, फक्त वेळ दुपारची ठेवा.

आपली नम्र,
शेल्टरची एक स्वयंसेविका
मिरज, जि. सांगली